एक माणूस जास्त

आकड्यांशी माझे वैर नाही, पण मैत्रीही कधी जमली नाही. शाळेत गणिताचे मास्तर हौदाचे उदाहरण घालीत. एक नळ हौद चार तासांत भरतो, दुसरा सहा तासांत रिकामा करतो, तर दोन्ही उघडे ठेवल्यास हौद किती वेळात भरेल? मुले पाटीवर भराभर आकडे मांडीत आणि मी मात्र दोन्ही नळ एकदम उघडे ठेवणारा तो गृहस्थ कोण असावा, त्याच्या घरी त्याला कुणी रागावत कसे नाही, याचाच विचार करीत बसे. उत्तर चुके, छडी बसे. पुढे मी स्वतःच मास्तर झालो, तोही मुंबई महापालिकेच्या शाळेत, आणि तीसबत्तीस वर्षे तेच उदाहरण दुसऱ्यांच्या मुलांना घातले. आता निवृत्तीनंतर वाटते, तो हौद म्हणजे ही मुंबईच होती. एका नळाने माणसे येतात, दुसऱ्याने जातात, दोन्ही नळ अष्टौप्रहर उघडे, आणि दर दहा वर्षांनी सरकार आमच्यासारख्या मास्तरांना हौदात उतरवून विचारते, "पाणी किती झाले?"

या विचारण्याला आमचे आजोबा खानेसुमारी म्हणत. आता जनगणना म्हणतात. मला मधला शब्द आवडतो, शिरगणती. त्यात निदान डोकी दिसतात.

निवृत्त झाल्यावर लोक पोथी हातात घेतात. मी मुंबईची कोष्टके घेतली. फ्लोरा फाउंटनच्या फूटपाथवर पूर्वी जुनी पुस्तके ढिगांनी मिळत, तिथे घेतलेल्या दोनतीन सरकारी पुस्तिका माळ्यावर पडून होत्या. त्या झटकून वाचायला बसलो आणि वाचता वाचता असे ध्यानात आले, की हे एखाद्या मोठ्या घराच्या जमाखर्चासारखे आहे. वरवर नुसत्या रकमा. पण कुठल्या वर्षी घरात लग्न झाले आणि कुठल्या वर्षी मरण, हे जाणत्याला रकमांवरून कळते. 1864 साली मुंबईत 8,16,562 माणसे मोजली गेली. अमेरिकेत यादवी चालली होती, तिकडचा कापूस बंद पडला होता आणि इकडच्या कापसाला सोन्याचे मोल आले होते. पुढची मोजणी 1872 ची : 6,44,405. युद्ध संपले, भाव कोसळला, पेढ्या बुडाल्या आणि पावणेदोन लाख माणसे कोष्टकातून उठून गेली. पुन्हा 1891 ला 8,21,764 आणि 1901 ला 7,76,006. या दोन आकड्यांच्या मध्ये 1896 चा सप्टेंबर आहे. मांडवीत डॉक्टर व्हिएगस यांनी प्लेगचा पहिला रोगी ओळखला तो महिना. मेलेली माणसे त्या घटीत आहेत आणि घराला कुलूप लावून गावी पळालेलीही आहेत. कोष्टक दोघांत भेद करीत नाही. त्याच्या लेखी जो मेला तो गेला, आणि जो गेला तोही गेलाच.

त्यानंतर शंभर वर्षे हौद भरतच राहिला. उपनगरे महापालिकेत आली आणि 1961 ला बृहन्मुंबई 41,52,056 झाली; 1981 ला 82,43,405. वीस वर्षांत जवळजवळ दुप्पट! पण या थोरल्या आकड्याच्या पोटात एक धाकटा आकडा आहे, तिकडे कुणी फारसे बघत नाही. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचे जे जुने बेट, ज्याला आज मुंबई शहर जिल्हा म्हणतात, तिथे 1981 साली 32,85,040 माणसे होती. 1991 साली ती 31,74,889 झाली. सगळी मुंबई फुगत असताना तिचे मूळचे बेट 1,10,151 माणसांनी रोडावले.

हा आकडा चुकीचा आहे. खरा आकडा 1,10,152. हे मला ठाऊक आहे, कारण चूक माझीच आहे.

1991 च्या शिरगणतीत मला लालबागमधला एक गट आला होता. त्याआधी प्रगणकांचे शिक्षणवर्ग झाले. महापालिकेच्या शाळा आठ भाषांत चालतात : मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड. एरवी या आठ भाषांचे मास्तर एकमेकांना फक्त पगारवाढीच्या सभेत भेटायचे. तिथे आम्ही सगळे एका सभागृहात बसून एकच नियम घोकत होतो. नियम असा : 9 फेब्रुवारी ते 28 फेब्रुवारी हा मोजणीचा काळ. जो माणूस एरवी त्या घरात राहतो आणि या वीस दिवसांत एक दिवस का होईना तिथे असतो, तो त्या घरात मोजायचा. जो सबंध वीस दिवस बाहेर असेल तो मोजायचा नाही. तो जिथे असेल तिथे कुणीतरी मोजील. शेवटचा क्षण म्हणजे 1 मार्चचा सूर्योदय. त्यानंतर पाच दिवस पुन्हा फिरून, मधल्या काळात कुणी मेले असेल तर खोडायचे, जन्मले असेल तर लिहायचे. माझ्या शेजारी एक तेलुगू मास्तर होते. ते हळूच म्हणाले, "सूर्य उगवताना कोणी मरत असेल तर?" आम्ही दोघेही हसलो. पुढे असला प्रश्न एका वेगळ्याच रूपात माझ्या गळ्यात येणार होता हे मला तेव्हा काय माहीत!

चाळ तीन मजली होती. नाव सांगत नाही. जनगणनेत मिळालेली माहिती बाहेर फोडू नये असा कायदा आहे, आणि मी आधीच एक कायदा मोडून बसलो आहे. दारांवर गेरूने घरांचे क्रमांक घातलेले होते. हातात पॅड, खांद्याला पिशवी, आणि चाळभर "मास्तर आले, मास्तर आले" करीत पुढे धावणारी पोरे. त्या चाळीत पूर्वी एकेका दहा बाय बाराच्या खोलीत चौदाचौदा गडी राहत. भोंगा वाजला की एका पाळीची माणसे उठत आणि दुसऱ्या पाळीची त्याच अंथरुणावर पडत. अंथरूण थंड होत नसे म्हणतात. मी गेलो तेव्हा बऱ्याच खोल्यांत अंथरुणे गुंडाळून कोपऱ्याला उभी होती. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या हाकेने अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. तो संप मागे घेतला असे कुणी कधी जाहीर केले नाही. माणसे एकेक करून कामावर गेली, गावी गेली, भिवंडीच्या मागांवर गेली, नाहीतर कुठेच गेली नाहीत. बेट रोडावण्याला कारणे आणखीही होती. राहत्या घरांच्या कचेऱ्या झाल्या, मुले मोठी झाली तशी बिऱ्हाडे उपनगरांत हलली. पण त्या चाळीच्या सज्जातून चालताना मला संपाखेरीज दुसरे कारण दिसत नव्हते.

दुसऱ्या मजल्यावर कोपऱ्याच्या खोलीत एक आजी राहत. साताऱ्याकडच्या. नवरा गिरणीत होता, तो वारल्यावर त्यांनी खाणावळ घातली. गिरणगावातल्या या खाणावळवाल्या बायांविषयी आपल्याकडे फार थोडे लिहिले गेले आहे. घरदार गावी ठेवून आलेल्या हजारो गड्यांना त्यांनी वर्षानुवर्षे दोन वेळचे जेवण घातले, तेही महिन्याच्या उधारीवर. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले तेव्हा कुठे त्यांना बँकेचे दार दिसले. आजींना लिहितावाचता येत नव्हते. पण भिंतीवर कोळशाच्या रेघांच्या ओळी होत्या : एका गड्याची एक ओळ, एका खाड्याला एक आडवी रेघ. संपापूर्वी बावीस ओळी. मी गेलो तेव्हा पाच. म्हटले तर हे त्या दशकाचे सगळ्यात नेमके कोष्टक होते; बेट किती रोडावले हे मला ते दाखवीत होते, सरकारने सांगण्याच्या कितीतरी आधी.

"घरात माणसं किती, आजी?"

"तीन."

मी लिहू लागलो. स्वतः आजी. भाच्याचा मुलगा, रात्रशाळेत जाणारा. तिसरा मुलगा, नाव सांगितले, वय सांगितले अडतीस. मी सहज विचारले, "कामावर गेलेत का?"

"न्हाई. बाहीर हाय."

"केव्हा येतील?"

आजी चुलीकडे वळल्या. भाच्याच्या मुलाने दारात येऊन मला खुणेने सांगितले. मुलगा साचेखात्यात होता. संपाचे दीड वर्ष कसेबसे काढले आणि 1983 च्या पावसाळ्यात भिवंडीला मागावर काम बघतो म्हणून गेला. वर्षभराने सुरतेहून एक मनीऑर्डर आली, वीस रुपयांची. पुढे काही नाही. मनात हिशेब केला, तर सात वर्षे होत आली होती. सात वर्षे ज्याची काही खबर नाही तो मेला असे धरायला कायद्याची हरकत नसते.

मी समजावून सांगितले. नियम सांगितला, वीस दिवस सांगितले. आजी, तो जिथे असेल तिथे त्याचे नाव लिहिले जाईल, इथे लिहिले तर दोनदा होईल. आजींनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "मास्तर, रेसनच्या कारडावरनं काढला. मतदानाच्या यादीतनं काढला. गिरनीनं तर आदीच काढला. आता ही शेवटची वही. हितनंबी काढतूस?"

"काढत नाही, आजी. लिहीत नाही इतकंच."

"त्येच की. लिवलं म्हंजी हाय. न्हाई लिवलं म्हंजी न्हाई."

गणित शिकवणाऱ्या माणसाला याच्यावर उत्तर असायला हवे होते. मी बॉलपेन उघडले आणि लिहिले. नाव, कुटुंबप्रमुखाशी नाते मुलगा, पुरुष, अडतीस, अविवाहित, मातृभाषा मराठी, जन्म सातारा जिल्हा, मुंबईस येण्याचे कारण नोकरी. काम करतो काय? नाही. काम शोधत आहे काय? इथे मी क्षणभर थांबलो, आणि 'होय' लिहिले. त्या पत्रकावर खात्रीचे असे काही असेल तर तेवढेच.

आता कुणी म्हणेल, त्यात काय मोठेसे? एक कोटीच्या शहरात एक माणूस! मीही स्वतःला हेच सांगत जिना उतरलो. पण मास्तरकी वाईट असते. मुलाच्या वहीत चूक दिसली की हात तांबड्या पेन्सिलीकडे जातो, आणि ही चूक तर माझ्याच अक्षरात होती.

28 फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी होती. ज्यांना दार नाही त्यांना एकाच रात्री, ते झोपलेले असताना मोजायचे, म्हणजे ते दुसरीकडे जाऊन पुन्हा मोजले जात नाहीत. आमच्या तुकडीला परळचा रस्ता मिळाला. हाती बॅटरी होती. पुलाखाली झोपलेली माणसे उठवायची, आणि डोळ्यांवर उजेड टाकून विचारायचे, "नाव? वय? मातृभाषा?" अर्ध्या रात्री मातृभाषा विचारली की माणसे कशी बघतात हे एकदा बघायला हवे. चाळिशीच्या आसपासचा गडी दिसला की मी बॅटरी जरा जास्त वेळ धरी. आजींकडे भिंतीवर एक फोटो होता, तालमीतला, लंगोट लावलेला. असा फोटो बघून आठ वर्षांनी पुलाखालचा माणूस ओळखू येत नाही.

टाटा रुग्णालयाच्या बाहेरच्या पदपथावर खरे बेघर थोडेच होते. तिथे रोग्यांचे नातेवाईक झोपतात. देशाच्या कोनाकोपऱ्यातून आलेले, घरी चांगली घरेदारे असलेले. एकजण बिहारमधून बायकोला घेऊन आला होता, दोन महिने झाले होते. मी पत्रक काढले तसा तो उठून बसला, हात जोडले आणि म्हणाला, "मास्टरजी, हमारा मत लिखिए. घर पर अम्मा ने लिखवा दिया होगा."

मी म्हटले, "आपको क्या मालूम?"

"अम्मा छोड़ेगी थोड़े ही!"

नियमाने तो वीस दिवस गावी नव्हता. त्याला इथेच लिहायला हवे होते. मी लिहिले. मातृभाषा भोजपुरी, पुढे कोष्टकात ती हिंदीच्या राशीत जाते. त्याच्या गावच्या मास्तरानेही बहुधा त्याला लिहिला असणार, आणि त्या मास्तराला मी पदपथावर बसल्या बसल्या ओळखला. वाटले, या देशाच्या आकड्यात अशा आयांनी किती माणसे घातली असतील कोण जाणे.

उलट बाजूही आहे. मोजणी झाल्यावर सरकार नमुन्यादाखल पुन्हा थोडी घरे तपासते, किती सुटले ते बघायला. 2011 च्या मोजणीत हजारी 23 माणसे सुटली असा हिशेब निघाला. म्हणजे आया जितके घालतात त्याहून मास्तर अधिक गाळतात! यात माझ्यासाठी एक पळवाट होती, आणि ती मी बरीच वर्षे वापरली. आजींचा मुलगा कुठेतरी असेलच. पण सुरतेच्या एखाद्या मागाच्या खोलीत तो झोपलेला असताना तिथला मास्तर दार ठोठावून निघून गेला असेल. मग तो कुठेच लिहिला गेला नसेल. मग देशाचा आकडा बरोबर आहे. चूक फक्त एवढीच, की सुरतेचा माणूस मुंबईत पडला. आणि मुंबईचा माणूस सुरतेला गेला होताच की!

मार्चच्या दोन तारखेला फेरतपासणीसाठी पुन्हा चाळीत गेलो. आजींच्या शेजारच्या खोलीतली सून वाडियात बाळंत झाली होती, 1 तारखेला पहाटे पाचच्या सुमारास. सूर्योदय सातच्या सुमारास झाला. दोन तासांच्या त्या नागरिकाला अजून नाव नव्हते. मी 'मुलगी, वय 0' असे लिहिले आणि गटाची बेरीज एकाने वाढवली. सासऱ्यांनी पेढा दिला. ही माझ्या गटातली सर्वांत निर्दोष नोंद. मग कोपऱ्याच्या खोलीपाशी गेलो. पेन हातातच होते. एक आडवी रेघ मारायची, आद्याक्षरे घालायची, खालची बेरीज एकाने उतरवायची. तेवढ्यासाठी ही फेरी होती.

"आला का, आजी?"

"न्हाई." मग भाकरी तव्यावर टाकता टाकता म्हणाल्या, "बसा मास्तर. च्या घ्या."

मी चहा घेतला आणि पेन खिशाला लावले. त्यानंतर महिन्याभरात पेपरात मुंबईचा तात्पुरता आकडा आला, पुढे पक्का आला : 99,25,891. लोकांना त्यात एक कोटीला कमी पडलेले चौऱ्याहत्तर हजार दिसले. मला शेवटचा एक दिसला.

आकड्याने पुढे काय होते हे आम्हा मोजणाऱ्यांना कुणी सांगत नाही. ते मला 2003 नंतर थोडेसे कळले, भांडुपला राहायला आल्यावर. 2001 ते 2011 या दहा वर्षांत बेटावरची माणसे आणखी 2,52,620 ने घटली. त्यांतली चार आमच्या घरची. इथे डोंगराच्या पायथ्याशी महापालिकेचे जलशुद्धीकरण केंद्र आहे, आशियातल्या मोठ्यांपैकी एक. वैतरणेचे पाणी तिथे येऊन गाळले जाते. मुंबईला सात तलावांतून पाणी मिळते. विहार 1860 चा, तुळशी 1879 चा, तानसा 1892 चा, मोडकसागर 1957 चा, अप्पर वैतरणा 1973 चा, मग भातसा आणि सगळ्यात धाकटा मध्य वैतरणा, 2014 चा. प्लेगच्या चार वर्षे आधी बांधलेल्या तानशाचे पाणी आजही कुणाच्या तरी माठात पडते, हे मला एखाद्या देवळाच्या प्राचीनतेपेक्षा मोठे वाटते. सातही तलाव काठोकाठ भरले की 14,47,363 दशलक्ष लिटर होतात. पावसाळा संपता संपता हा आकडा पेपरात रोज येतो आणि मुंबईकर तो पंचांगासारखा वाचतो, कारण पुढचा पाऊस येईपर्यंत तेवढ्यावर काढायचे असते.

रोज सुमारे 3,900 दशलक्ष लिटर शहराला सोडतात. त्याला 2011 च्या 1,24,42,373 डोक्यांनी भागा : माणशी 300 लिटरांहून अधिक. चंगळच! आणि हीच ती जागा, जिथे सरासरी नावाची बाई डोळ्यांत धूळ फेकते. 26 जुलै 2005 ला सांताक्रुझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवशी कुलाब्याला 73. सरासरी काढली तर 508. तेवढा पाऊस मोजायला ठेवलेल्या दोन्ही भांड्यांतल्या एकातही पडला नव्हता. पाण्याचेही तसेच. काही लिटर फुटक्या नळांतून जमिनीत जाते, काही चोरीला जाते, आणि उरलेले वाटताना महापालिकेच्या नियमातच इमारतीतल्या माणसाला 135 लिटर आणि झोपडीतल्याला 45 असा हिशेब वर्षानुवर्षे होता. 2011 च्या गणतीत बृहन्मुंबईची शेकडा 41 हून अधिक माणसे झोपडपट्टीत होती.

तीही सगळी नव्हेत. अमुक तारखेच्या आधीपासून इथे राहत असल्याचा पुरावा असेल तरच नळ. ती तारीख आधी 1 जानेवारी 1995 होती, मग 1 जानेवारी 2000 झाली. माझ्या वर्गात अशा वस्तीतली मुले असत. मुलगा उशिरा आला की मी कारण विचारीत नसे. कळशी घेऊन तो कुठल्या तरी दुसऱ्याच्या नळावर उभा होता हे त्याच्या ओल्या चड्डीवरून दिसे. एकदा एका मुलाचा बाप मला भेटायला आला. त्याला कुणी तरी सांगितले होते, की या मास्तरांनी 91 साली शिरगणती केली. तो म्हणाला, "सर, आमच्या झोपडीवर तेव्हा गेरूचा नंबर घातला होता. त्या वहीत आमचं नाव असणारच. तेवढी एक नक्कल काढून द्या. नळासाठी पुरावा होईल."

मला सांगावे लागले की तसे होत नाही. 1948 चा जनगणना कायदा आहे, त्याचे 15 वे कलम आहे. ती वही कुणाला बघता येत नाही आणि पुरावा म्हणून कोर्टात चालत नाही. कायदा चांगल्या हेतूने केला आहे. माणसाने मोजणाऱ्याला निर्भयपणे खरे सांगावे म्हणून. पण त्या बापाच्या चेहऱ्याकडे बघताना मला ते कलम सांगवेना. सरकारने त्याला मोजले होते. त्याच्या नावे आकड्यात एक होता. त्या एकावर देशाला, राज्याला, शहराला काय काय हिशेब मांडता येत होते. त्याला स्वतःला मात्र त्या एकावर एक हंडा पाणी मिळत नव्हते. आणि मी ज्याला खोटा लिहिला होता तोही त्याच बेरजेत, त्याच्याइतकाच मोठा एक होऊन बसला होता. 2014 च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले, की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि तारखेच्या कारणाने ते नाकारता येणार नाही. तोवर तो मुलगा मोठा होऊन कुठल्या कुठे गेला होता.

पाणी वाटणारी माणसे मात्र मला आवडतात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी चावीवाला येतो. खांद्यावर माणसाहून उंच लोखंडी चावी. रस्त्यातले झाकण उघडून ती खाली उतरवतो आणि सगळे अंग टाकून फिरवतो. किती फेरे फिरवले की कुठल्या टेकडीवर पाणी चढते हे त्याच्या हाताला माहीत. मी एकदा विचारले, "आमच्या भागात माणसं किती, ठाऊक आहे का?" तो म्हणाला, "माणसं नाही माहीत. फेरे माहीत." मला आजींच्या कोळशाच्या रेघा आठवल्या.

आजी 2001 च्या आधीच गेल्या. कळले तेव्हा महिना होऊन गेला होता. त्या सालच्या गणतीत मला दुसरा गट आला. लालबागच्या त्या खोलीत नवे बिऱ्हाड होते, आणि तिथल्या मास्तराने जे दिसले ते लिहिले असणार. म्हणजे तोही त्या कोष्टकातून उतरला. कुणी खोडला नाही, कुणी रेघ मारली नाही. नुसता पुढच्या वहीत आला नाही. आता ती चाळही नाही. तिच्या जागी उंच इमारत आहे. खालून मजले मोजायचा मी एकदा प्रयत्न केला. सत्ताविसाव्यापाशी मान दुखली आणि सोडून दिले. पहाटे पाचला जन्मलेली ती मुलगी आता पस्तिशीकडे आली असेल.

2021 ची गणती कोरोनामुळे झालीच नाही. त्यामुळे मुंबईत आज किती माणसे आहेत याचा मोजलेला आकडा 2011 चाच. बाकी सगळे अंदाज. पुढच्या गणतीला 1 मार्च 2027 ही तारीख ठरली आहे. कागदाची पत्रके जाऊन मोबाईलवर नोंदी व्हायच्या आहेत, आणि घरच्या माणसाने स्वतःच माहिती भरून टाकावी अशीही सोय आहे. ते वाचून मी बराच वेळ पेपर तसाच धरून बसलो. आजींच्या हाती तो मोबाईल दिला असता, तर त्यांना मास्तराची विनवणी करावी लागली नसती.

माझी सूनही महापालिकेच्या शाळेत शिकवते. परवा फराळाचे करता करता गणतीचा विषय निघाला. तिच्यावर काम येणार हे धरूनच चालायचे. तिने विचारले, "बाबा, घरातला माणूस बाहेरगावी असला तर त्याला धरायचं का?"

मी नियम सांगितला. एरवी राहतो काय, सबंध काळ बाहेर होता काय, सगळे नीट सांगितले. नवी सूचना काय असेल ती वाचून घे, असेही म्हटले.

"आणि घरची माणसं ऐकतच नसली तर? तुम्ही काय करायचात?"

एवढ्यात मोरीत नळाने आधी हवा सोडली, मग खडखडला. पाच वाजले होते. मी उठलो आणि पिंपाखाली धार धरली.